रोजच्या गोळ्यांचे पैसे कोण भरतं?

तुमचा विमा किती लाखांचा, असं एखाद्या चाळिशीतल्या जोडप्याला विचारलं तर उत्तर लगेच येतं. पाच लाख, दहा लाख, हल्ली एक कोटीसुद्धा. त्याच घरात आजीची थायरॉइडची गोळी असते, वडिलांची बीपीची आणि शुगरची औषधं असतात, मुलाचा दम्याचा पंप असतो. या सगळ्याचं मेडिकलमधलं महिन्याचं बिल त्या लाखांतून कधी निघतं का? जवळजवळ कधीच नाही. आपल्याकडचा आरोग्यविमा रुग्णालयातल्या खाटेभोवती उभा आहे. चोवीस तास दाखल झालं की त्याचं दार उघडतं. दाखल न होता वर्षानुवर्षं गोळ्या घेत, काम करत, घर चालवत राहणाऱ्या माणसाला ते बंदच राहतं.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. घट मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण खिशातून होणाऱ्या खर्चातला सगळ्यात चिवट भाग औषधांचा, कारण तो दर महिन्याला येतो. ऑपरेशनचा खर्च एकदा होतो, त्यासाठी नातेवाईक धावून येतात, ऑफिसात वर्गणी निघते, उसने पैसे मिळतात. बीपीच्या गोळीसाठी कुणी वर्गणी काढत नाही. पगार लांबला की आधी गोळी दिवसाआड होते, मग थांबते, आणि काही महिन्यांनी तोच माणूस अर्धांगवायूचा झटका येऊन दाखल होतो. त्या दिवशी मात्र विमा पैसे देतो. काही रुपयांच्या गोळीला नाही म्हणायचं आणि लाखोंच्या आजारपणाला हो म्हणायचं, ही रचना आपण इतकी वर्षं निमूटपणे चालवून घेतो याचं मला फार वाईट वाटतं.

औषधांचं संरक्षण आपल्याकडे अजिबात नाही, असं मात्र नाही. ते एका पॉलिसीत नाही, निरनिराळ्या खात्यांत, कायद्यांत आणि योजनांत विखुरलेलं आहे. ज्याला त्यातलं कुठे काय आहे ते ठाऊक, त्याच्याच पदरात ते पडतं.

मेडिक्लेममधली औषधं

१९८६ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी आणली आणि ते नाव पुढे सगळ्याच आरोग्यविम्याला चिकटलं. रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च भरून देणं हा तिचा साचा, आणि आजच्या बहुतेक पॉलिसी त्याच साच्यातल्या आहेत. तरीही त्यांत औषधांसाठी जेवढी जागा आहे, तेवढीसुद्धा अनेक घरं वापरत नाहीत.

दाखल असतानाची औषधं मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातून काय वगळलं जातं, ते डिस्चार्जच्या दिवशी कळतं. विमा नियामक आयआरडीएआयने न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादी केली आहे. हातमोजे, मास्क, डायपर, थर्मामीटर, दम्याच्या पंपाला लावायचा स्पेसर, नेब्युलायझरचं किट, शुगर-फ्री गोळ्या अशा वस्तू त्यात येतात. एखादी पॉलिसी जादा हप्ता घेऊन यांचेही पैसे देते, एरवी ते आपल्याला भरावे लागतात.

याच नियमांत रुग्णाच्या बाजूची एक तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांतूनही त्याच प्रमाणात कपात होते. मात्र ही प्रमाणशीर कपात औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांना लावायची नाही, असं आयआरडीएआयने २०२० मध्ये ठरवून दिलं. म्हणून क्लेम कापून आला की औषधांच्या ओळीत कपात झाली आहे का, हे आधी पाहावं. झाली असेल तर ते कंपनीला लेखी कळवावं.

आता त्या भागाकडे येऊ, जिथे सगळ्यात जास्त पैसे नुसत्या विस्मरणाने जातात. बहुतेक पॉलिसी दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस यांतला त्याच आजाराचा खर्च देतात. काहींत ही मुदत ६० आणि ९० दिवसांची किंवा त्याहूनही मोठी असते. कॅशलेस झालेल्या घरांत नेमका याचाच विसर पडतो. रुग्णालयाचं बिल परस्पर चुकतं झालं, सही करून माणूस घरी आणला, आता क्लेम संपला असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पुढचे दोन महिने तो चालूच असतो.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंची गुडघा बदलल्यानंतरची क्लेमची फाइल मी पाहिली आहे. त्यात काय मंजूर झालं आणि काय नाही, यातून बरंच शिकता येतं. वेदनाशामक गोळ्या मंजूर झाल्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांचे पैसे मिळाले. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मिळाल्या, कारण डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी त्या स्वतः लिहिल्या होत्या. जीवनसत्त्वं आणि पूरक आहार विम्यात बसत नाहीत, हा सर्वसाधारण नियम आहे, पण दाखल होऊन झालेल्या उपचारांचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिले तर बसतात. वॉकरचे पैसे नाकारले गेले. बीपीच्या गोळ्यांचेही नाकारले, कारण बीपीचा गुडघ्याच्या ऑपरेशनशी संबंध नाही, त्या आधीपासून चालू होत्या. आणि एक चांगलं घसघशीत बिल निव्वळ कागदामुळे गेलं. मेडिकलवाल्याने त्यावर रुग्णाऐवजी गोळ्या आणायला गेलेल्या मुलाचं नाव टाकलं होतं.

म्हणून मेडिकलमध्ये बिल घेतानाच ते नीट वाचावं. रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, तारीख, प्रत्येक औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख त्यावर असायला हवी. प्रत्येक बिलामागे त्या औषधाची चिठ्ठी जोडावी. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं तर ती नवी चिठ्ठीही जपून ठेवावी, नाहीतर बदललेल्या गोळीचं बिल पोरकं ठरतं. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत घरच्या उपचारांची ही बिलं ते उपचार पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत द्यायची असतात. आपल्या पॉलिसीतली मुदत वेगळी असू शकते. डिस्चार्जच्या दिवशीच ती पाहून दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली बरी.

कर्करोगाच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयआरडीएआयने विम्यातून वगळता येणार नाहीत अशा आधुनिक उपचारांची यादी केली, तिच्यात तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे. इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही आहेत. म्हणजे केमोच्या गोळ्यांसाठीही दावा करता येतो; तो दाखल होऊन की डे-केअर उपचारांचा भाग म्हणून, हे पॉलिसीच्या अटींत पाहावं. रकमेला मर्यादा असते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. गोळ्या आहेत म्हणून काही मिळणार नाही, असं काउंटरवर कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये.

आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत असे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की आजार लपवल्याचं कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण म्हणून बीपी आणि शुगर अर्जात लपवू नयेत. त्या पाच वर्षांत काही झालं तर सगळंच हातचं जातं.

दावा नाकारला आणि कंपनीने एका महिन्यात समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. औषधांच्या लहान रकमांसाठी कुणी तिथे जात नाही, हे कंपन्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

ओपीडी कव्हरचं गणित

दाखल न होता लागणारी औषधं देणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत. बहुधा मूळ पॉलिसीला जादा हप्ता भरून ओपीडी कव्हर जोडता येतं. जाहिरातीत ते आकर्षक दिसतं. विम्याचं तत्त्व मात्र असं की अनेकांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर अचानक संकट येईल त्याला त्यातून मिळायचं. शुगरची गोळी हे अचानक आलेलं संकट नव्हे, ती पुढच्या महिन्यातही लागणारच आहे. असा ठरलेला खर्च विम्यात घातला की कंपनी तो हप्त्यातच वसूल करते, वर स्वतःचा खर्च लावते. म्हणून वैयक्तिक ओपीडी कव्हर घेताना तीन आकडे शेजारी मांडावेत: जादा हप्ता किती, औषधांसाठी वर्षाला जास्तीत जास्त किती मिळणार, आणि घरचा खरा औषधखर्च किती. पुष्कळदा पहिले दोन आकडे इतके जवळ निघतात की तेच पैसे वेगळ्या खात्यात टाकलेले परवडतात. कंपनीच्या समूह विम्यात ओपीडी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. हप्ता मालक भरतो, तेव्हा ते जरूर वापरावं. वर्ष संपताना शिल्लक रक्कम बहुधा बुडते, म्हणून त्याआधीच ती पाहावी.

करातूनही थोडा दिलासा आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण काढला गेला आणि बहुतेक औषधांवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्याकडे विमाच नाही अशा ज्येष्ठ नागरिकांच्या औषधोपचारावर ५०,००० रुपयांपर्यंत प्राप्तिकराची वजावट मिळते. पण ती फक्त जुन्या करपद्धतीत, आणि पैसे रोखीने दिले असतील तर नाही. आईवडिलांची औषधं मुलगा किंवा मुलगी आणत असेल तर बिल कार्डाने किंवा यूपीआयने भरावं.

जिथे औषध खरोखर हक्काचं आहे

रोजच्या औषधांचं सगळ्यात पूर्ण संरक्षण देशात कुणाला असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला, म्हणजे ईएसआयवाल्यांना. कायदा १९४८ चा, योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. २०,००० पगार असेल तर कामगाराचे १५० रुपये आणि मालकाचे ६५०. एवढ्यात त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला दवाखान्यातली तपासणी, रोजची औषधं, दाखल होणं, शस्त्रक्रिया असं सगळं मिळतं. खर्चाला वरची मर्यादा नाही, नेहमीच्या उपचारांसाठी प्रतीक्षाकाळ नाही, आधीपासूनच्या आजाराचा प्रश्न नाही. कोणत्याही खासगी कंपनीने अशी पॉलिसी आजवर विकलेली नाही.

तरीही मुलुंडपासून चिंचवडपर्यंत कितीतरी कामगार ईएसआय कार्ड कपाटात ठेवून खासगी मेडिकलमध्ये पैसे मोजतात. दवाखान्यात औषध नसतं, रांग मोठी असते, अर्धी पाळी बुडते, ही तक्रार खोटी नाही. पण औषध शिल्लक नसेल तर तसं लिहून घेऊन बाहेरून आणलेल्या औषधाची प्रतिपूर्ती मागता येते, हे फार कमी जणांना कुणी सांगितलेलं असतं. निवृत्त कामगारांना तर आणखी एक गोष्ट ठाऊकच नसते. किमान पाच वर्षं विमाकृत नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी हे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये. गिरणी, वर्कशॉप, औषध कंपनी, सिक्युरिटी एजन्सी अशा ठिकाणी आयुष्य गेलेल्या माणसांच्या घरी ही माहिती पोहोचावी, असं मला मनापासून वाटतं. गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने एक बैठक यासाठी घेतली तरी कितीतरी घरांचा औषधखर्च उतरेल.

केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांसाठी १९५४ पासून सीजीएचएस आहे. मुंबई, पुणे, नागपूर इथे तिची केंद्रं आहेत. जुन्या आजारांची औषधं तिथे एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळू शकतात, आणि साठ्यात नसलेलं औषध ठरलेल्या विक्रेत्याकडून मागवून दिलं जातं. सीजीएचएस नसलेल्या गावातल्या केंद्रीय पेन्शनरला बाह्यरुग्ण उपचारांसाठी महिना १,००० रुपयांचा भत्ता घेता येतो. माजी सैनिकांची ईसीएचएस २००३ पासून आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या फौजी घरांना तिचा मोठा आधार आहे.

ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे. पण तीही खाटेभोवतीच फिरते. आयुष्मानच्या नियमांत दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस औषधांसाठी धरले आहेत. हृदयात स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या पुढे कित्येक महिने लागतात. सोळाव्या दिवसापासून त्या त्याच्या स्वतःच्या खर्चाने.

तिथून पुढे सरकारी दवाखान्याचा रस्ता. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून औषधांपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची असल्याने ती यात येत नाहीत. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. क्षयाची औषधं देशभर मोफत आहेत, एचआयव्हीची २००४ पासून आहेत, आणि तिथे उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. रोजच्या औषधांचं उत्तर कसं असू शकतं, ते या दोन आजारांत आपण दाखवून दिलेलं आहे. बीपीसाठी तसाच प्रयत्न २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. मोजक्या ठरलेल्या गोळ्या, तीस दिवसांचा साठा एका वेळी, आणि जो पुन्हा आला नाही त्याचा पाठपुरावा. पद्धत साधी होती आणि तिची दखल संयुक्त राष्ट्रांनीही घेतली. गावातल्या आशाताईंना विचारलं तर उपकेंद्रात बीपीची आणि शुगरची कोणती गोळी मिळते, हे त्या सांगतात.

धर्मादाय रुग्णालयांचा हक्क खास महाराष्ट्राचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि त्यावरून उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. औषधांबद्दल तिथे स्पष्ट लिहिलं आहे: दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची. छापील किमतीने नव्हे. बिलाची ही बाजू नातेवाइकांनी आग्रहाने तपासावी.

चिठ्ठी आणि किंमत

कुठलाच आधार नसेल तेव्हा उरतो तो किमतीचा आधार. १९९७ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून देतं. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. बाजारात १ टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडची विक्रेत्याला पडणारी किंमत घ्यायची, त्यांची साधी सरासरी काढायची आणि तिच्यावर विक्रेत्याचे १६ टक्के चढवायचे. २०१३ पासूनची ही रीत मला पटत नाही, कारण बाजारात आधीच चढलेला भाव ती जवळजवळ तसाच मान्य करते, औषध बनवायला किती लागले हे विचारतच नाही. घाऊक महागाईनुसार या किमती दरवर्षी बदलतात. २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते.

यादीतलं एकटं औषध आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली गोळी यांतला फरक ग्राहकाला जाणवत नाही. मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही आहे. दोन्ही एकत्र असलेली गोळी मात्र त्या यादीत नाही. तिचा भाव वेगळ्या रीतीने ठरतो आणि ब्रँडगणिक खूप बदलतो. एक गोळी घेणं सोपं असतं आणि काही रुग्णांसाठी तेच योग्य असतं. पण महिन्याचं बिल जड जात असेल तर ‘ही दोन वेगळ्या गोळ्यांत मिळेल का’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ हे ॲप मोबाइलवर ठेवलं तर कमाल किंमत आणि इतर ब्रँडचे भाव काउंटरवर उभ्या उभ्या दिसतात.

जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिची केंद्रं १५,००० वर गेली. तिथली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात. ‘स्वस्त म्हणजे हलकं’ ही भीती मला अनेक सुशिक्षित घरांत दिसते. औषध दर्जाला उतरत नसल्याच्या सूचना केंद्रीय औषध नियंत्रक संस्था दर महिन्याला काढते आणि त्यांत नामवंत ब्रँडही सापडतात. तेव्हा शंका घ्यायची तर सगळ्यांवर सारखी घ्यावी. जनऔषधीची खरी अडचण वेगळी आहे: आज मिळालेली गोळी पुढच्या महिन्यात शिल्लक असेलच असं नाही. म्हणून जुन्या आजाराची औषधं संपण्याच्या आठवडाभर आधी आणावीत.

इथे कायद्याची एक गाठ आहे. औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायचं औषध चिठ्ठीत ज्या ब्रँडने लिहिलं असेल, त्याऐवजी दुसरं देण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही, दुसऱ्यात तोच घटक असला तरी. म्हणजे जेनेरिकची किल्ली मेडिकलवाल्याकडे नसून डॉक्टरांच्या पेनात आहे. वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ पासून औषधाचं मूळ नाव, तेही सुवाच्य मोठ्या अक्षरांत, लिहावं असं आहे. २०२३ मध्ये ते अधिक कडक करणारे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. तेव्हा रुग्णाने स्वतःच मागायचं: डॉक्टर, कंसात औषधाचं मूळ नाव लिहून द्या. बहुतेक डॉक्टर देतात.

दाखल रुग्णाच्या नातेवाइकाला तर भाव करायचीही सोय नसते. २०१८ मध्ये किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा दिसला. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने धोरण ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, इथूनच औषध घेणं बंधनकारक नाही असा फलक रुग्णालयांतल्या मेडिकलमध्ये लावायला सांगितलं. फलक नसेल तर तसं विचारावं. रुग्ण आत असताना असा प्रश्न विचारायला किती धीर लागतो, हे मला समजतं. म्हणून तो दोघा-तिघांनी मिळून विचारावा.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत औषधांचा लाभ हा विम्याचाच भाग असतो. ६५ वर्षांवरच्यांच्या मेडिकेअरमध्ये तो २००६ पासून ‘पार्ट डी’ म्हणून आला. प्रत्येक योजनेची स्वतःची औषधयादी असते, तिच्यात स्वस्त जेनेरिकपासून महागड्या इंजेक्शनांपर्यंत पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर रुग्णाचा वाटा वेगळा. २०२५ पासून रुग्णाच्या वर्षाच्या खर्चाला २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली, २०२६ साठी ती २,१०० आहे. इन्सुलिन महिना ३५ डॉलरवर बांधलं आहे. पण पुण्याहून किंवा साताऱ्याहून नातवंडांसाठी सहा महिने गेलेल्या आजीआजोबांना यातलं काही मिळत नाही. ग्रीनकार्ड मिळून सलग पाच वर्षं तिथे राहिलेल्या ६५ वर्षांवरच्यांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं, त्याआधी नाही. पाहुण्यांसाठीच्या प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांची रोजची औषधं बसत नाहीत. म्हणून औषधं इथूनच न्यावी लागतात. मूळ पाकिटात, मूळ नावं लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हाताच्या बॅगेत. साधारण तीन महिन्यांच्या वापराइतका साठा स्वतःसाठी नेणं रीतीला धरून असतं. मुक्काम लांबणार असेल तर पुढची सोय तिथल्या डॉक्टरकडे आधीच करून ठेवावी.

उरलेलं काम

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू केली. महाराष्ट्राची खरेदी काही वर्षं हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, आणि औषधटंचाईच्या बातम्या सतत येत राहिल्यावर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याचं मोजमाप एकाच जागी होईल: तालुक्याच्या रुग्णालयात महिनाअखेरीस बीपीची अॅम्लोडिपिन शिल्लक आहे का.

विम्याच्या बाजूनेही वाट मोकळी आहे. २०२० मध्ये आयआरडीएआयने आरोग्य संजीवनी ही एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या आरोग्यविमा कंपन्यांना विकायला लावली. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा आणि हृदयविकार यांच्या जेनेरिक गोळ्यांपुरतं तसंच एक प्रमाणित कव्हर सक्तीचं करता येईल. औषधांची राष्ट्रीय यादी तयार आहे, कमाल किमती ठरलेल्या आहेत, ठिकठिकाणी जनऔषधी केंद्रं आहेत. ठरलेल्या खर्चाचा विमा महाग पडतो हे मी वर लिहिलंच आहे, पण तो एकेकट्याने घेतला तर. कोट्यवधी पॉलिसीधारकांच्या वतीने जेनेरिकच्या भावाने एकगठ्ठा खरेदी झाली तर ते गणित बदलतं. आणि गोळी न चुकल्यामुळे टळलेल्या अर्धांगवायूच्या एकेका दाव्याची बचत विमा कंपन्यांच्याच वहीत जमा होते.